देणगी फुलपाखरांना, कागद माझ्या फायलीत

अण्णांची शेवटची मुदतठेव जून २०२४मध्ये मोकळी झाली. वारसाचे कागद आधीच झालेले होते, त्यामुळे रक्कम ताईच्या आणि माझ्या खात्यात निम्मी-निम्मी आली. निवृत्तीनंतर अण्णा कुडाळच्या घराच्या परसात येणाऱ्या फुलपाखरांच्या नोंदी ठेवायचे. त्यामुळे ठेवीतले प्रत्येकी एक लाख रुपये फुलपाखरं आणि इतर वन्यजीव राखणाऱ्या संस्थांना द्यायचे, हे आम्हा भावंडांचं फोनवर पाच मिनिटांत ठरलं. त्या पाच मिनिटांचा शेवटचा कागद फायलीत लागायला पुढच्या वर्षीचा जुलै उजाडला.

मी करसल्लागार नाही, निसर्ग अभ्यासकही नाही. पुण्यात नोकरी करतो. पण पैसे हातात असताना ते द्यायचे कसे हे न कळून बसलेली माणसं माझ्या ओळखीतच बरीच निघाली, म्हणून जे घडलं ते क्रमानं लिहून ठेवतोय.

पहिले दोन महिने नुसते शोधण्यात गेले. इंटरनेटवर ‘वन्यजीव संवर्धन देणगी’ असं टाकलं की वाघ येतो. मग हत्ती, मग बिबट्याचं पिल्लू. फुलपाखरांसाठी पैसे मागणारं जवळपास कुणी दिसेना. एका ठिकाणी माहितीसाठी म्हणून फोन नंबर दिला आणि दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. ‘सर, आज संध्याकाळपर्यंत केलंत तर बरं होईल.’ वाघाला माझ्या पैशांची आज संध्याकाळपर्यंतच गरज का, हे त्या मुलीला सांगता येईना. तिलाही महिन्याचं टार्गेट असणार. एका क्राउडफंडिंग साइटवर देणगीच्या रकमेखाली साइटसाठीच्या ‘टिप’चा रकाना आधीच भरून ठेवलेला होता. तो शून्य करता येतो, पण शोधावा लागतो. ऑनलाइन देणार असाल तर शेवटचं बटण दाबण्याआधी एकूण रक्कम नीट वाचा.

एके ठिकाणी फुलपाखरू उद्यान उभारायला देणगीदार हवे होते. आराखडा देखणा होता: प्रवेशद्वारावर सिमेंटचं भलंमोठं फुलपाखरू, कारंजं, सेल्फी पॉइंट, देणगीदारांच्या नावांची ग्रॅनाइटची भिंत. मी रोपांची यादी मागितली. सगळी शोभेची फुलझाडं. अळीनं खावं असं त्यात एकही झाड नव्हतं.

इथे थोडं विषयांतर करतो, कारण पुढची सगळी निवड याच मुद्द्यावर झाली. फुलपाखरू मध कितीतरी प्रकारच्या फुलांवरचा पितं, पण अंडी मात्र ठरावीक झाडांवरच घालतं. लिंबू आणि कढीपत्ता कॉमन मॉरमॉनला चालतात, रुई प्लेन टायगरला, पानफुटी रेड पिएरोला, ईश्वरीची वेल सदर्न बर्डविंगला. महाराष्ट्रानं २०१५मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलेलं ब्लू मॉरमॉन, म्हणजे आपलं नीलवंत, माकडलिंबासारख्या लिंबाच्या भाऊबंदांवर वाढतं. ही झाडं नसतील तर फुलांचा ताटवा म्हणजे नुसती खानावळ. बाळंतपणाची सोय कुठेच नाही. तेव्हापासून मी प्रत्येक संस्थेला पहिला प्रश्न हाच विचारायला लागलो: अळ्यांच्या झाडांचं काय करता? निम्म्या ठिकाणी या प्रश्नावर फोन दुसऱ्याकडे दिला जायचा.

सप्टेंबरमध्ये देशभर ‘बिग बटरफ्लाय मंथ’ असतो. २०२०पासून दर वर्षी या महिन्यात हौशी मंडळी फुलपाखरांच्या नोंदी करून आयनॅचरलिस्टसारख्या संकेतस्थळांवर टाकतात. पुण्याजवळच्या अशाच एका फेरीला गेलो. तिथे भेटलेल्या एका अभ्यासक मुलीनं सिंधुदुर्गातल्या, घाटाच्या पायथ्याशी काम करणाऱ्या एका लहान संस्थेचा नंबर दिला. संकेतस्थळ नाही, माहितीपत्रक नाही. एक व्हॉट्सॲप नंबर आणि त्यावर चतुर अन् फुलपाखरांचे फोटो. संस्थेचं नाव इथे देत नाही. जाहिरात करायची नाहीये, आणि तुमच्या जवळची संस्था वेगळी असेल.

सचिव निवृत्त शिक्षक. सगळा गाव त्यांना गुरुजी म्हणतो, त्यामुळे मीही गुरुजीच म्हणायला लागलो. अळ्यांच्या झाडांचा प्रश्न विचारला तर त्यांनी अर्धा तास तिरफळावर घेतला. आपण माशाच्या आमटीत घालतो ते तिरफळ हे मलबार बँडेड पीकॉक या देखण्या फुलपाखराच्या अळीचं खाद्यझाड आहे. हे फुलपाखरू फक्त पश्चिम घाटाच्या पट्ट्यातलं, आणि केरळनं त्याला २०१८मध्ये राज्य फुलपाखराचा मान दिला. तिरफळाच्या खोडाला काटे असतात, म्हणून बागेत ते झाड राखायला बरेच जण नाखूश असतात.

माणूस पटला. पण पटलेल्या माणसाकडे कागद मागायचे कसे, हा संकोच मला दोन-तीन दिवस पुरला. शेवटी विचारलं. गुरुजी म्हणाले, “बघा हो. न बघता दिलात तर आमकाच भीती वाटता.”

मी काय काय मागितलं ते सांगतो. पहिलं, धर्मादाय आयुक्तांकडच्या नोंदणीचं प्रमाणपत्र. महाराष्ट्रात संस्था नोंदणी अधिनियम, १८६०खाली झालेली संस्था सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०खालीही नोंदवली जाते, आणि तिच्या क्रमांकाच्या आधी ‘एफ’ असतो. नुसत्या न्यासाचा असेल तर सहसा ‘ई’. दुसरं, परिशिष्ट १चा उतारा. त्यावर विश्वस्तांची नावं असतात. फोनवर ज्यांच्याशी बोलतोय त्यांचं नाव त्यात आहे का, एवढं तरी बघावं. विश्वस्त बदलले असतील तर बदल अर्ज दाखल करावा लागतो. इथे एका दिवंगत विश्वस्तांच्या जागी दुसरे आले होते आणि त्या अर्जाची पोच गुरुजींनी न मागता पाठवली. तिसरं, ८०जीचा, म्हणजे देणगीदाराला आयकरात सवलत देणाऱ्या कलमाखालचा आदेश, फॉर्म १०एसी. त्यावर मंजुरी कुठल्या वर्षापासून कुठल्या वर्षापर्यंत आहे ते छापलेलं असतं आणि सोळा अक्षर-अंकांचा नोंदणी क्रमांक असतो. या क्रमांकाच्या सुरुवातीलाच संस्थेचा पॅन असतो, तो पावतीवरच्या पॅनशी ताडून बघता येतो. आयकर विभागाच्या संकेतस्थळावरही संस्थेचं नाव शोधता येतं. नीती आयोगाच्या ‘दर्पण’ पोर्टलवरचा क्रमांकही मिळाला. तो असला म्हणजे संस्था चांगलीच, असं काही नाही. ती तिथे नोंदलेली आहे, इतकंच.

चौथं म्हणजे तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब. परिशिष्ट ८ म्हणजे ताळेबंद आणि परिशिष्ट ९ म्हणजे जमाखर्च. हे वाचायला सीए असावं लागत नाही. खर्चाच्या बाजूला सर्वांत मोठा आकडा कशाचा आहे ते बघायचं. या संस्थेचा वर्षाचा सगळा खर्च साडेसहा लाखांच्या आत, आणि त्यातला निम्म्याहून जास्त मजुरीवर. त्याखाली पेट्रोल. मग रोपवाटिकेच्या पिशव्या, माती, शेणखत. ‘कार्यक्रम व सत्कार’ या शीर्षाखाली चार आकडीच रक्कम. एका दुसऱ्या संस्थेच्या हिशेबात हाच आकडा मजुरीच्या वर गेलेला पाहिला होता, त्यामुळे मला जरा हायसं वाटलं. ‘आमचा शंभर टक्के पैसा थेट कामाला जातो’ असं कुणी म्हटलं की मी आता सावध होतो. हिशेब ठेवणाऱ्याला पगार नाही, तर हिशेब कोण ठेवतं?

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात शुक्रवारी रात्रीच्या एसटीनं निघालो. पाऊस सरत आला होता, रान ओलं होतं. गुरुजींनी आधी रोपवाटिकेत नेलं. हिरव्या शेडनेटखाली काळ्या पिशव्यांच्या रांगा: तिरफळ, माकडलिंबू, ईश्वरी, बहावा. नेट एका बाजूनं फाटलेलं होतं आणि सुतळीनं शिवलेलं. माकडलिंबाच्या एका रोपाची पानं कडेनं कुरतडलेली दिसली. रोपवाटिका सांभाळणाऱ्या वहिनींनी पान उलटं करून दाखवलं. मला वाटलं, पाखराची विष्ठा पडलीये. वहिनी हसल्या आणि गवताची काडी अलगद टेकवली. त्या ‘विष्ठे’नं मान वर केली आणि डोक्यामागून लालसर दुटोकी शिंग बाहेर काढलं. उग्र, आंबूस वास आला. नीलवंताची लहान अळी. मोठी झाली की हिरवी होते. एरवीच्या नर्सरीत अशा रोपावर औषध मारतात. इथे पानं खाल्लेली रोपं बाजूच्या रांगेत नीट सांभाळून ठेवली होती, कारण रोपवाटिका त्यांच्यासाठीच आहे.

“झाडा लावूक सगळे येतत,” वहिनी म्हणाल्या, “पाणी घालूक कोण येणा नाय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या मोजणीच्या वाटेवर गेलो. ठरलेली वाट, ठरलेला संथ वेग, दोन्ही बाजूंना ठरावीक अंतरात दिसेल तेवढंच मोजायचं. ही पद्धत ब्रिटनमध्ये १९७०च्या दशकात बसवली गेली आणि तिथे १९७६पासून अशा मोजण्या सलग चालू आहेत. इथली मंडळी महिन्यातून एकदा चालतात. एक मुलगा वहीत खुणा करत होता, दुसरा पुढे बघत होता. ओढ्याच्या काठी ओल्या मातीवर फुलपाखरांचा घोळका बसलेला. क्षार शोषायला बहुतेक नरच असे बसतात. पश्चिम घाटात फुलपाखरांच्या सव्वातीनशेहून अधिक जाती आहेत. मला त्यातल्या सात-आठ ओळखता आल्या, बाकी सगळ्यांना मी आदरानं नमस्कार केला.

वाटेवर एका उतारावर काळे पडलेले बुंधे दिसले. वणवा. घाटात आणि घाटाखाली जानेवारीपासून पावसापर्यंत गवत पेटतं, कधी पेटवलं जातं. पक्षी उडतात, भेकरं पळतात. गवतातले कोष आणि अंडी जागेवर जळतात. म्हणून संस्था डिसेंबरपासून देवराईच्या कडेनं जाळरेषा काढते, म्हणजे गवत आणि पाचोळा काढून पट्टा मोकळा करते, आणि उन्हाळ्यात दोन माणसं राखणीला ठेवते. हा मजुरीचा मोठा आकडा तो. फुलपाखरांसाठी दिलेले पैसे प्रत्यक्षात कोयता, खराटा आणि माणसाच्या रोजावर जातात, हे तिथे उभं राहिल्यावर नीट समजलं. फोटो काढून देणगीदारांना पाठवावा असं त्यात काही नाही.

परत आल्यावर गुरुजींच्या पडवीत बसून बोललो. ही रक्कम अण्णांच्या नावानं कायम निधीत ठेवावी, असं माझ्या डोक्यात होतं. कायम निधीसाठी देणगीदाराचं तसं लेखी पत्र लागतं. मग मूळ रक्कम तशीच राहते आणि फक्त व्याज वापरायचं. लाखाचं व्याज किती? सात हजारांच्या आसपास. दुसरा पर्याय, ‘फक्त फुलपाखरांसाठी’ असं बांधून देणं. तसं केलं तर हिशेब वेगळा ठेवावा लागतो, आणि वणवा विझवायला जाणाऱ्या दुचाकीचं पेट्रोल फुलपाखरांच्या खात्यात टाकायचं की सापांच्या, हा प्रश्न गुरुजींच्या गळ्यात. तिसरा पर्याय सर्वसाधारण देणगी. संस्थेला जिथे लागेल तिथे वापरता येते. मी तिसरा घेतला. अण्णांचं नाव पावतीवर ‘स्मरणार्थ’ म्हणून. पाटी नको म्हटल्यावर गुरुजींना खरंच बरं वाटलेलं दिसलं, कारण आधीच्या एका देणगीदाराची पाटी दर पावसाळ्यानंतर घासूनपुसून फोटो पाठवावा लागतो.

आणखी एक गोष्ट त्यांनी स्वतःहून सांगितली. एकदम मिळालेल्या मोठ्या रकमेपेक्षा दर महिन्याला नक्की येणारी लहान रक्कम त्यांच्या जास्त कामाची. मजुरी आठवड्याला द्यावी लागते, आणि मोठी अनुदानं कधी येतील ते कुणाच्या हातात नसतं. मग चाळीस हजार एकदम आणि पुढचे बारा महिने पाच हजार, असं ठरलं. तिथल्या हिशेबानं पाच हजारांत एका माणसाचे दहा रोज निघतात. चाळीस हजारांत शेडनेट आणि राखणीचे पहिले महिने.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात एनईएफटीनं पैसे गेले. ऑनलाइनच द्या, किंवा चेकनं. दोन हजारांवरच्या रोख देणगीला ८०जीची सवलत मिळत नाही, आणि वस्तुरूपात दिलेल्या देणगीला तर नाहीच. आम्हाला शेडनेट विकत घेऊन देण्याचा मोह झाला होता, तो याच कारणानं सोडला. सवलत ज्याच्या खात्यातून पैसे गेले त्यालाच मिळते. म्हणून पावती माझ्या नावावर आणि माझ्या पॅनवर. डिसेंबरपासूनच्या मासिक रकमेसाठी बँकेत स्थायी सूचना देऊन ठेवली, त्याला वेगळा खर्च आला नाही.

आता ताईचा भाग. तो माझ्यापेक्षा किचकट निघाला, आणि परदेशात भावंडं असलेल्या प्रत्येकानं वाचावा असा आहे.

ताई न्यू जर्सीला. काही वर्षांपूर्वी तिनं तिथलं नागरिकत्व घेतलं, आता तिच्याकडे ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसांना मिळणारं कार्ड आहे. तिचा वाटा तिच्या इथल्या एनआरओ खात्यात, म्हणजे परदेशी राहणाऱ्यांच्या भारतातल्या रुपयांच्या खात्यात, पडून होता. मी म्हटलं, त्याच खात्यातून संस्थेला पाठव. गुरुजींनी खाते क्रमांक द्यायच्या आधी विचारलं, “ताईंचो पासपोर्ट खयचो?” मला प्रश्न विचित्र वाटला, पण प्रश्न अगदी बरोबर होता. परदेशी योगदान नियमन कायदा, ज्याला सगळे एफसीआरए म्हणतात, तो पैसा कुठल्या चलनात आहे यापेक्षा तो कुणाचा आहे हे बघतो. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसानं स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी योगदान धरत नाहीत. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या माणसाची मात्र धरतात, मग ती एनआरओ खात्यातल्या रुपयांत का असेना. गुरुजींच्या संस्थेकडे एफसीआरए नोंदणी नाही. ताईचा एक रुपयाही त्यांना घेता येणार नव्हता.

ताई चिडली. “अण्णांचेच पैसे आहेत ना हे? तू घे माझ्याकडून आणि तू दे.” हे सगळ्यांनाच सुचतं. आमच्या सीएनं स्पष्ट नको म्हटलं: नातेवाइकानं नातेवाइकाला स्वतःसाठी देणं वेगळं, आणि संस्थेपर्यंत पोचवायला मधे माणूस उभा करणं वेगळं, त्यात उद्या अडचण आली तर ती संस्थेला भोवेल. मग तिनं विचारलं, एफसीआरए असलेल्या मोठ्या संस्थेला देऊन त्यांच्याकडून गुरुजींना पोचवता येतील का? तेही नाही. २०२०च्या दुरुस्तीनंतर परदेशी योगदान एका संस्थेनं दुसऱ्या संस्थेकडे वळवायला बंदी आहे. त्याच दुरुस्तीनं अशा पैशातून प्रशासकीय खर्चाची मर्यादा निम्म्यावरून २० टक्क्यांवर आणली, आणि पैसे फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच स्वीकारायची अट घातली.

या अटीचा देणगीदाराला एक फायदा आहे. परदेशी नागरिकाकडून पैसे मागणारी संस्था दिल्लीच्या त्या शाखेऐवजी दुसऱ्याच कुठल्या खात्याचा क्रमांक देत असेल, तर तिथेच थांबावं.

ताईनं शेवटी देशपातळीवर काम करणारी एक जुनी वन्यजीव संस्था निवडली. आधी तिच्या एफसीआरए नोंदणीची खात्री करून घेतली, आणि परदेशी पैशांची एफसी-४ नावाची वार्षिक विवरणं मागवली. ती तिनं रात्री जागून वाचली. मला फोन करून करून आकडे सांगत होती. मग पासपोर्टची प्रत, देणगीच्या हेतूचं पत्र, पत्ता. जानेवारी २०२५मध्ये तिनं तिकडच्या खात्यातूनच डॉलर पाठवले; बँकेनं ४५ डॉलर शुल्क घेतलं. तिच्या बँकेनं हेतूचा रकाना कोरा सोडल्यामुळे पैसे दिल्लीत येऊन अडकले. संस्थेच्या लेखा विभागाला मेल, त्यांचं पत्र, ताईचं पुन्हा एक पत्र, असं होत फेब्रुवारीच्या शेवटी पावती आली. पाठवण्याच्या फॉर्मवर हेतू आणि संस्थेचा एफसीआरए नोंदणी क्रमांक स्वतः लिहा, बँकेवर सोडू नका. भारतातल्या संस्थेला असं थेट दिलेल्या पैशांवर तिला अमेरिकेच्या करात सवलत नाही, हेही तिनं आधीच पक्कं विचारून घेतलं होतं. तिला त्याचं काही वाटलं नाही. फुलपाखरांऐवजी तिचे पैसे एकूण वन्यजीवांकडे गेले, याचं मात्र वाटलं. मग मी तिला वणव्याचे फोटो पाठवले आणि म्हटलं, बाई, भेकर आणि अळी एकाच गवतात राहतात.

उन्हाळा नुसता वाट बघण्यात गेला. देणगीची संस्थेनं दिलेली पावती करविवरणाला पुरत नाही. आर्थिक वर्ष संपल्यावर संस्था सगळ्या देणगीदारांचं विवरण, फॉर्म १०बीडी, आयकर पोर्टलवर भरते आणि त्यातून प्रत्येकाचं प्रमाणपत्र, फॉर्म १०बीई, तयार होतं. दोन्हीची मुदत ३१ मे. संस्थेनं उशीर केला तर दिवसाला २०० रुपये विलंब शुल्क तिला पडतं. लहान संस्थांना हे खरोखर जड जातं. गुरुजींकडे हे काम गावातला एक तरुण फावल्या वेळात करतो.

माझं १०बीई मेच्या शेवटच्या आठवड्यात व्हॉट्सॲपवर आलं. रक्कम बरोबर: चाळीस हजार आणि डिसेंबर ते मार्चचे वीस, मिळून साठ. नाव बरोबर. पॅनमध्ये मात्र ‘बी’च्या जागी ‘डी’. एवढ्यानं ते प्रमाणपत्र माझ्या उपयोगाचं राहिलं नाही, कारण पोर्टलच्या दृष्टीनं देणगी दुसऱ्याच कुणीतरी दिली होती. कळवलं. तरुण परीक्षेला गेलेला. मग गुरुजींना पाऊस आणि लावणी. मी दर आठवड्याला फोन करायचो आणि दर वेळी मलाच ओशाळं व्हायचं. एवढं काम करणाऱ्या माणसाला एका अक्षरासाठी किती छळायचं? पण ते छळावं लागतं. जुलैच्या मध्यावर सुधारित १०बीडी भरलं गेलं आणि एक-दोन दिवसांत नवं १०बीई हातात पडलं.

करविवरणात ८०जीच्या तक्त्यात संस्थेचं नाव, पत्ता, पॅन, रक्कम आणि १०बीईवरचा देणगीचा संदर्भ क्रमांक भरावा लागतो. त्या वर्षी विवरणाची मुदत १५ सप्टेंबरपर्यंत वाढली होती, त्यामुळे घाई झाली नाही. अशा संस्थांच्या देणगीवर सहसा निम्म्या रकमेची वजावट मिळते, तीही ठरावीक पद्धतीनं काढलेल्या एकूण उत्पन्नाच्या १० टक्क्यांच्या मर्यादेत. साठ हजारांवर तीस हजारांची वजावट, माझ्या २० टक्क्यांच्या टप्प्यात उपकरासह ६,२४० रुपये वाचले. घरकर्जामुळे मी अजून जुन्या करप्रणालीत आहे म्हणून एवढं तरी. नव्या प्रणालीत ८०जी मिळतच नाही, आणि आता न सांगता तीच लागू होते. तेव्हा ‘कर वाचेल’ म्हणून कुणी देणगी मागत असेल तर आधी स्वतःची प्रणाली बघा. माझा सहकारी नव्या प्रणालीत आहे. त्यानं माझं ऐकून त्याच संस्थेला दरमहा हजार रुपये सुरू केले. १०बीईची भानगड त्याला नको आहे, तरी पावती मात्र तो मागून घेतो.

माझे बारा हप्ते नोव्हेंबर २०२५मध्ये पूर्ण झाले. पुढचे सुरू करण्याआधी एक अडचण दिसली. गुरुजींच्या संस्थेची ८०जीची मंजुरी ३१ मार्च २०२६पर्यंतचीच होती. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या सहा महिने आधी करायचा असतो. त्यांनी तो सप्टेंबर २०२५मध्ये केला, पोच मी पाहिली. तुम्ही जिला नियमित देता त्या संस्थेच्या आदेशावरची शेवटची तारीख एकदा बघून ठेवा, बऱ्याच संस्थांची हीच होती. नवा आयकर कायदाही १ एप्रिल २०२६पासूनचा, त्यात कलमांचे आणि फॉर्मांचे क्रमांक वेगळे. मी इथे लिहिलेले जुन्या कायद्याचे आहेत.

नव्या आदेशाची प्रत आली की बँकेतली स्थायी सूचना पुन्हा चालू करणार आहे. जाळरेषांचं काम मात्र कुठल्या आदेशासाठी थांबत नाही, म्हणून डिसेंबरमध्ये पंधरा हजार एकदम पाठवले. पावती त्याच संध्याकाळी आली, आणि आधी पॅन वाचला, मग बाकीचं.